कँटारेलच्या भेगाळ चुनखडीतला नत्रवायू

मेक्सिकोच्या काँपेचे उपसागरातील कँटारेल या तेलक्षेत्राला रुदेसिंदो कँटारेल या मच्छीमाराचे नाव मिळाले आहे; समुद्रावर तेलाचा तवंग दिसत असल्याची खबर त्यानेच दिली होती. १९७९मध्ये येथून उत्पादन सुरू झाले, पण साठ्यातील दाब उतरत गेल्यावर २०००मध्ये खडकात नत्रवायू सोडण्यास प्रारंभ झाला. किनाऱ्यावरील अटास्ता येथे हवेतून वेगळा केलेला हा वायू दिवसाला सुमारे १२० कोटी घनफूट इतक्या प्रमाणात समुद्राखालच्या साठ्यात पाठवण्याची ती योजना होती.

भेगाळ चुनखडीची अडचण अशी, की भेगांतून तेल सहज वाहते, मात्र बऱ्याच साठ्यांत त्याचा मोठा हिस्सा दोन भेगांमधल्या घट्ट खडकाच्या बारीक छिद्रांत अडकलेला असतो. आपल्या मुंबई हायच्या चुनखडीत दाब टिकवण्यासाठी पाणी भरतात. परंतु ज्या चुनखडीच्या छिद्रांना पाण्यापेक्षा तेलच अधिक चिकटते, तेथे पाणी आत शिरत नाही आणि भेगांतून थेट विहिरीकडे निघून जाते.

वायूचे काम येथे वेगळे आहे. तो हलका असल्याने साठ्याच्या माथ्यावर जमतो, वरच्या भेगा भरून टाकतो आणि त्या भेगांनी वेढलेल्या खडकातील जड तेल स्वतःच्या वजनाने खाली झिरपू लागते. म्हणजे तेल वायूच्या रेट्याने नव्हे, तर मुख्यतः गुरुत्वाकर्षणाने सुटते. वायू रिकामी होणारी जागा घेतो आणि दाब सांभाळतो. श्रीखंडासाठी टांगलेल्या दह्याचे पाणी असेच निथळते, तरी पुरचुंडीचे बूड ओलसर राहतेच. खडकातही केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांची द्रव धरून ठेवण्याची ओढ, खालच्या थरातील तेल धरून ठेवते, म्हणून दोन आडव्या भेगांमधील ठोकळा जितका उंच, तितके त्यातून अधिक तेल निथळते. ठोकळे बुटके असतील तर वायू ओतूनही फारसे हाती लागत नाही.

निथळण्याला वेळ लागतो. उपसा घाईने केला, तर वायू भेगांतूनच विहिरीत उतरतो आणि तेल मागे राहते. इराणमधील हफ्तकेल या जुन्या तेलक्षेत्रात १९७६पासून नैसर्गिक वायू भरला गेला, आणि भेगाळ चुनखडीतील या संथ प्रक्रियेचे उदाहरण म्हणून अभियंते आजही त्याचा दाखला देतात.

कँटारेलचे उत्पादन २००४मध्ये दिवसाला २० लाख पिंपांच्या पुढे गेले आणि २००९मध्ये ते सुमारे सात लाखांवर आले. या घसरणीचा ठपका नत्रवायूवर ठेवला जातो, तो मला अर्धवट वाटतो. नव्या विहिरींनी उपशाचा वेग प्रचंड वाढवला होता; वरून वायू आणि खालून पाणी सरकत आल्याने मधला तेलाचा थर पातळ होत गेला, त्यामुळे घसरण अटळच होती. नत्रवायूचा खरा जाच निराळा होता: तेलाबरोबर वर येणाऱ्या नैसर्गिक वायूत तो मिसळला, त्या नैसर्गिक वायूची ज्वलनक्षमता घटली आणि वेगळे करण्याची पुरेशी सोय नसल्याने त्यातला बराच वायू समुद्रावरच जाळून टाकावा लागला.