एम.ए.चा लघुप्रबंध आणि पैशाचा प्रश्न : ग्रामीण विदर्भाची पार्श्वभूमी

नव्या शैक्षणिक धोरणानुसारचा पदव्युत्तर अभ्यासक्रम महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झाला आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला संशोधन प्रकल्प, म्हणजेच लघुप्रबंध, आला. तिसऱ्या सत्रात ४ श्रेयांक, चौथ्यात ६. त्याआधी पहिल्याच सत्रात संशोधन पद्धतीचा पेपर. तेव्हापासून वणी, पुसद, धारणी, अहेरीसारख्या गावांतल्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, प्रोजेक्टले काई पैसे भेटते का?" समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्याच्या मुलांना विषय शोधत फिरावं लागत नाही. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मुलींची शाळा का सुटते, कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी कोण ठरवतं, नळाचं पाणी कोणत्या वस्तीत शेवटी पोचतं. हे सगळे समतेचे आणि समावेशनाचेच विषय. पैशांचं उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी 'नाही' असंच मिळतं, आणि त्याला जुना इतिहास आहे.

या इतिहासातलं सर्वांत बोलकं उदाहरण परदेशातलं आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. १९१५ मध्ये त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर एम.ए.चा प्रबंध लिहिला. पुढच्याच वर्षी, मे १९१६ मध्ये, जातींच्या उगमावरचा त्यांचा निबंध मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. ते तेव्हा विद्यार्थीच होते, डॉक्टरेट अजून पुढे होती. विद्यार्थीदशेतल्या संशोधनाला पाठबळ मिळालं तर काय उभं राहतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता द्यायचा?

विदर्भात त्या काळी गरज आणखी खालच्या पायरीवर होती. नागपूर विद्यापीठ १९२३ साली सुरू झालं, पण खेड्यातल्या बहुजन, दलित मुलाला तिथवर पोचायला आधी राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण हवं होतं. म्हणून पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आंबेडकरांच्या पक्षाची स्थापना झाली. त्याच वेळी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे बाबासाहेबांनी सांगितलं ते याच परिषदेत. पुढे १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. विदर्भातल्या हजारो घरांतला पहिला पदवीधर या 'भारत सरकार' शिष्यवृत्तीवर शिकला, हे विसरून पुढची कोणतीही तक्रार करू नये.

तरीही या योजनेची रचना पाहिली की आजच्या अडचणीचं मूळ दिसतं. निर्वाह भत्ता आणि फी हे तिचे मुख्य भाग. २०१० च्या सुधारित नियमांत संशोधक विद्यार्थ्यांसाठी प्रबंधाच्या टंकलेखन-छपाईला जास्तीत जास्त १६०० रुपये, तेही संस्थाप्रमुखाच्या शिफारशीवर, अशी तरतूद होती. म्हणजे लिहून झालेलं छापायला पैसे होते. लिहायला जे गोळा करावं लागतं, त्यासाठी गावोगाव फिरण्याचं नावच नव्हतं. २०२१ नंतर अनुसूचित जातींच्या योजनेतली खर्चाची अशी वेगवेगळी शीर्षकं एकाच शैक्षणिक भत्त्यात मिसळली गेली.

संशोधनाला वेगळा पैसा आला तो वरच्या टोकाकडून. स्त्रियांच्या स्थितीवरच्या राष्ट्रीय समितीचा अहवाल १९७४ साली आला आणि समता हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर स्त्री-अभ्यास केंद्रं वाढली, २००७ नंतरच्या अकराव्या पंचवार्षिक योजनेत सामाजिक वंचितता आणि समावेशक धोरणाच्या अभ्यासाची केंद्रं निघाली. अनुसूचित जाती-जमातींच्या एम.फिल. आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) २००५-०६ मध्ये सुरू झाली. राज्यात १९७८ साली समता विचारपीठ म्हणून सुरू झालेली अनुसूचित जातींसाठीची बार्टी, नंतर मराठा-कुणबी समाजासाठीची सारथी आणि नागपूरला मुख्यालय असलेली इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठीची महाज्योती, या सरकारी संस्थाही पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देऊ लागल्या. त्यासाठी विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली, अजूनही करावी लागतात.

मग एम.फिल. बंद झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी ही मधली पायरी काढली आणि पैसा जिथून सुरू होतो ती जागा आणखी वर सरकली. आज नेट परीक्षेतून पीएचडीसाठीची जेआरएफ अधिछात्रवृत्ती मिळालेल्याला दरमहा ३७,००० रुपये आहेत, एम.ए.च्या संशोधन प्रकल्पाला खर्चाचं वेगळं शीर्षकसुद्धा नाही. पीएचडीपर्यंत पोचणारे थोडे. गाव, कोलामांचा पोड, कोरकूंचा ढाणा आतून माहीत असलेली बहुतेक मुलं एम.ए.लाच थांबतात. त्यांच्या हातून होऊ शकणारं संशोधन तिथेच संपतं, आणि माझ्या मते हीच या साऱ्या व्यवस्थेची मोठी चूक आहे.

केळापूर किंवा झरी जामणी तालुक्यातल्या एखाद्या पोडावर दिवाळीनंतर गेलं की ही चूक नीट कळते. एसटी फाट्यापर्यंतच. दिवसा बाया वेचणीला गेलेल्या, दारात म्हातारी माणसं आणि लेकरं. बोलायला बाया भेटतात त्या दिवेलागणीनंतर, आणि तोवर परतीची शेवटची गाडी निघून गेलेली असते. मुक्कामाची सोय असलेल्यालाच मुलाखती मिळतात, बाकीचे सरपंचाकडून आणि अंगणवाडीतून माहिती घेऊन परततात. प्रबंधात मग बायांचा आवाज उरत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, ते कोणत्याही संशोधन योजनेत मोडत नाही, पण क्षेत्रकार्य करणाऱ्या मुलींना त्याचा खरा आधार झाला आहे. पुढे मराठी टायपिंगचे पानागणिक पैसे आणि सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगच्या तीन-चार प्रती असतातच.

पैसा द्यायची पद्धत नाही असंही नाही. डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून नागपूर विद्यापीठाची तंत्रज्ञान संस्था १९४२ साली उभी राहिली. दीक्षान्त समारंभात देणगीदारांच्या नावाची सुवर्णपदकं दरवर्षी दिली जातात. पण पदक पहिल्या आलेल्याला, निकालानंतर मिळतं. स्पेनमध्ये २००७ च्या कायद्यांनंतर विद्यापीठांत समता कक्ष सक्तीचे झाले आणि तिथली अनेक विद्यापीठं समतेवरच्या पदव्युत्तर प्रबंधांना छोटी अनुदानं किंवा पुरस्कार देतात. मोठ्या रकमेची गरज त्यांनाही लागली नाही.

गडचिरोलीत तर गोंडवाना विद्यापीठ २०११ साली झालं आणि सिरोंच्याच्या मुलाचं विद्यापीठ जिल्ह्यातच आलं. मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवून २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तोही याच जिल्ह्यात. अशा गावांच्या शेजारच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला प्रवास, मुक्काम आणि टायपिंगपुरती रक्कम विभागामार्फत देता येईल. कॉलेजांत समान संधी केंद्रं आहेतच, त्यांचं काम आज मुख्यतः शिष्यवृत्तीच्या अर्जांपुरतं चालतं. अट एकच ठेवावी लागेल : रक्कम दिवाळीआधी, वेचणी भरात येण्यापूर्वी हातात पडली पाहिजे. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून शिष्यवृत्तीचा हप्ता परीक्षेनंतर जमा होतो तशी ती आली, तर क्षेत्रकार्याचा हंगाम निघून गेलेला असेल.