पाव मैलाची नळी : ड्रॅग रेसिंगमधल्या इनटेक मॅनिफोल्डची पार्श्वभूमी

ड्रॅग रेसिंगची गाडी पाव मैल पळते, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. सुटल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा असतो आणि इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) एका ठरावीक पट्ट्यातच वरखाली होतात. गिअर बदलला की खाली येतात, पुन्हा चढतात. रस्त्यावरच्या गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे हवा आणि पेट्रोल सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीला, सिग्नलला उभे राहणे, थंडीत सुरू होणे, घाटात तिसऱ्या गिअरवर ओढणे हे सगळे सांभाळावे लागते. ड्रॅगच्या इंजिनावर ती जबाबदारी नाही. त्यामुळे या एका भागावर अमेरिकेत जेवढी कापाकापी, भराभरी आणि वेल्डिंग झाले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर झाले असेल. त्या सगळ्यामागे प्रश्न एकच होता : हे इंजिन नेमके कोणत्या आरपीएमवर राहणार आहे?

सुरुवातीला हा प्रश्न कोणी अशा शब्दांत विचारत नव्हते. फोर्डचे फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन १९३२ साली २२१ घनइंचांचे आले आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या तरुणांनी ते उचलून धरले. मूळ मॅनिफोल्डवर हवेत पेट्रोल मिसळणारा एकच कार्ब्युरेटर असे. व्हिक एडेलब्रॉक यांनी १९३८ साली ‘स्लिंगशॉट’ नावाचे मॅनिफोल्ड काढले, त्यावर दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर बसत. त्यानंतर हिशेब सोपा झाला : जास्त कार्ब्युरेटर म्हणजे जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना स्थापन केली. त्या दशकात लांब पाइपासारख्या ‘लॉग’ मॅनिफोल्डवर सहा-सहा स्ट्रॉमबर्ग रांगेने बसवलेली इंजिने ड्रॅग स्ट्रिपवर सर्रास दिसत.

लॉगमध्ये हवेला काटकोनात वळावे लागते. हवा हलकी, ती वळते. पेट्रोलचे थेंब जड, ते सरळ जाऊन भिंतीवर आपटतात आणि ओघळ होऊन तळाशी साचतात. मग एका सिलिंडरला मिश्रण पातळ मिळते, शेजारच्याला दाट. पातळ मिश्रणाचा पिस्टन वितळतो आणि दाट मिश्रणाचा प्लग काळा पडतो. शिवाय नळ्या इतक्या आखूड असत की त्यांच्यातल्या दाबलहरींचा काही उपयोगच होत नसे.

आणि खरी गोष्ट त्या लहरींचीच आहे. इनटेक व्हॉल्व्ह उघडून पिस्टन खाली जाऊ लागला की नळीत कमी दाबाची लहर तयार होते आणि ध्वनीच्या वेगाने नळीच्या उघड्या तोंडाकडे धावते. तिथून ती जास्त दाबाची होऊन परत फिरते. व्हॉल्व्ह बंद होण्याच्या जरा आधी ती सिलिंडरपाशी पोहोचली, तर जाता जाता थोडी जास्तीची हवा आत ढकलते. क्रायस्लरच्या इंजिनिअरांचा म्हणून जो ठोकताळा प्रसिद्ध आहे, तो असा : आरपीएम गुणिले नळीची इंचातली लांबी बरोबर ८४,०००. ही लांबी व्हॉल्व्हपासून नळीच्या तोंडापर्यंत, म्हणजे हेडमधला पोर्ट (व्हॉल्व्हकडे जाणारी वाट) धरून मोजायची. ३० इंच नळी २,८०० आरपीएमला जुळते, १५ इंच ५,६०० ला. लहरीला ३० इंच जाऊन यायला साडेचार मिलिसेकंद लागतात आणि २,८०० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक सुमारे ७५ अंश फिरतो. आरपीएम दुप्पट आणि नळी निम्मी केली तरी अंश तेवढेच राहतात. हा ठोकताळा सुरुवात करण्यापुरता आहे. रेसिंग कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवतो, लहरीला परतायला सवड मिळते, म्हणून प्रत्यक्षातली नळी त्याहून थोडी लांब चालते.

हे गणित ड्रॅग स्ट्रिपवर सगळ्यांच्या डोळ्यांत भरले ते १९५९ साली. डेट्रॉइटमध्ये क्रायस्लरच्या इंजिनिअरांचा ‘रॅमचार्जर्स’ नावाचा क्लब होता. त्यांनी १९४९ च्या प्लिमथ कूपेत हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाचे) इंजिन बसवले आणि त्यावर इतके उंच मॅनिफोल्ड उभारले की गाडीला ‘हाय अँड मायटी’ असेच नाव पडले. वर एक पेटी, तिच्यातून खाली उतरणाऱ्या सरळ नळ्या, आणि जोडाला रबरी होज. दिसायला बेढब, पण पुढे ज्याला ‘टनेल रॅम’ म्हणू लागले त्याची सगळी मांडणी तिथे होती : सरळ नळ्या, सगळ्यांना सामाईक पेटी म्हणजे प्लेनम, आणि आरपीएमनुसार ठरवलेली लांबी.

कारखान्यातही तोच विचार चालू होता. १९६० च्या क्रायस्लर ३००एफ गाडीत ४१३ घनइंचांच्या इंजिनावर ३० इंची रनर, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्या, होते. ते इंजिनावरून आडवे जात आणि प्रत्येक कार्ब्युरेटर समोरच्या बाजूच्या चार सिलिंडरांना हवा देई. रस्त्यावर ओव्हरटेक करण्यासाठी हे उत्तम, ताकद ३७५ हॉर्सपॉवर. शर्यतीसाठी निघालेल्या ४०० हॉर्सपॉवरच्या आवृत्तीचे मॅनिफोल्ड बाहेरून जवळपास तसेच दिसे. फरक आत होता. शेजारच्या रनरांमधली भिंत अर्धीच ठेवल्याने लहरीच्या दृष्टीने नळी १५ इंचांची झाली होती. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा धडा हाच आहे. नळी बाहेरून किती लांब दिसते याला अर्थ नाही. लहर जिथून परत फिरते तिथे तिचे तोंड.

क्रायस्लरच्या १९६२ च्या ‘मॅक्स वेज’ ४१३ इंजिनावर १५ इंची क्रॉस रॅम (इंजिनावरून आडव्या जाणाऱ्या नळ्या) आणि दोन कार्टर कार्ब्युरेटर तिरके मांडलेले होते. ताकद ४१० हॉर्सपॉवर, आणि जास्त कॉम्प्रेशनच्या आवृत्तीत ४२०. १५ इंचच का, ते गिअरबॉक्सकडे पाहिले की कळते. टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिकचे गुणोत्तर २.४५, १.४५ आणि १. पहिला गिअर ६,५०० आरपीएमला बदलला तर दुसऱ्यात इंजिन सुमारे ३,८५० वर येते. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेले की ४,४८० वर. टॉर्क कन्व्हर्टरच्या घसरणीमुळे प्रत्यक्षात थोडे वरच राहते. म्हणजे पट्टा ढोबळपणे ४,००० ते ६,५०० चा आणि १५ इंची नळीचा जोर बरोबर त्याच्या आत. मॅनिफोल्ड आणि गिअरबॉक्स ही जोडी आहे. दुसऱ्याच्या गाडीवरचे मॅनिफोल्ड पाहून आपल्या इंजिनावर बसवणारे इथेच फसतात : नळी ७,५०० ला जुळलेली आणि गिअर बदलल्यावर इंजिन ४,००० ला. गाडी प्रत्येक गिअरला दम टाकते आणि दोष कार्ब्युरेटरला दिला जातो.

१९६४ च्या ४२६ रेस हेमीच्या ड्रॅग आवृत्तीत दोन कार्ब्युरेटरांचे क्रॉस रॅम होते. १९६५ मध्ये वजन घटवण्यासाठी तेच मॅनिफोल्ड मॅग्नेशियमचे झाले. त्याच वर्षी व्हीलबेस बदललेल्या डॉज-प्लिमथ गाड्यांवर हिलबॉर्नचे यांत्रिक इंजेक्शन आले आणि बॉनेटमधून आठ उंच तुतार्‍या बाहेर डोकावू लागल्या. तिथे प्लेनमच नाही. प्रत्येक सिलिंडरची नळी थेट आकाशाकडे उघडी, त्यामुळे शेजारच्या सिलिंडरचा अडथळा नाही आणि तुतारी कापून किंवा बदलून लांबी जुळवता येई.

सुपरचार्जरची किंवा ब्लोअरची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंपाची, शाखा वेगळी. जीएमसीच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवरचा ६-७१ ब्लोअर उचलून व्ही-८ वर ठेवला की दाब ब्लोअरच देतो. मग नळीच्या लांबीचे महत्त्व कमी होते आणि मॅनिफोल्ड ही एक भक्कम पेटी उरते. धोका बॅकफायरचा. व्हॉल्व्ह अडकला किंवा वाकला तर ज्वाला उलटी वर येते, पेटीतले सगळे मिश्रण एकदम पेटते आणि ब्लोअर उडतो. म्हणून आज अशा मॅनिफोल्डवर ठरावीक दाबाला फुटणारे बर्स्ट पॅनेल आणि ब्लोअरला बांधून ठेवणारे पट्टे असतात.

एनएचआरएचा प्रो स्टॉक वर्ग १९७० साली पोमोनाच्या विंटरनॅशनल्सपासून सुरू झाला. ती पहिली शर्यत बिल ‘ग्रम्पी’ जेन्किन्स यांनी जिंकली. सुपरचार्जर नाही, पण दोन फोर-बॅरल (हवेच्या चार वाटांच्या) कार्ब्युरेटरांना परवानगी. टनेल रॅमसाठी याहून अनुकूल नियम कोणता? त्यातच १९६९ साली होलीचा डॉमिनेटर कार्ब्युरेटर आला होता, मिनिटाला हजार घनफुटांहून जास्त हवा देणारा. एडेलब्रॉक आणि वायँड यांची टनेल रॅम दुकानात मिळू लागली. वरचे झाकण बोल्टने वेगळे होई, त्यामुळे प्लेनममध्ये हात घालता येई आणि खरा प्रयोग तिथे झाला. प्लेनम मोठा केला की वरच्या आरपीएमला ताकद वाढते, पण थ्रॉटल उघडताच कार्ब्युरेटरला मिळणारी ओढ मंदावते आणि सुटताना इंजिन अडखळते. प्लेनम लहान ठेवला की उलट. दोन कार्ब्युरेटरांमधली भिंत काढली तर प्रत्येक सिलिंडरला आठही बॅरल उपलब्ध होतात, पण खालचा टॉर्क जातो.

गाडी सुटताना पेट्रोल प्लेनमच्या तळावरून मागे सरकते. मागचे सिलिंडर दाट, पुढचे पातळ. त्यावर तळाला आडव्या कडा ठेवतात, मधोमध उंचवटा करतात, किंवा पुढच्या आणि मागच्या बॅरलना वेगवेगळे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रे) लावतात. छोट्या शेवरले व्ही-८ मध्ये आणखी एक अडचण होती. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२, म्हणजे ५ आणि ७ हे शेजारी लागोपाठ हवा ओढतात आणि एकमेकांचा घास पळवतात. मॅनिफोल्डमध्ये कितीही बदल केले तरी हे पूर्ण जात नाही, म्हणून पुढे रेसिंग कॅमशाफ्टमध्ये ४ आणि ७ ची अदलाबदल करून १-८-७-३-६-५-४-२ असा क्रम आला. लागोपाठची जोडी तेव्हा पुढे, ४ आणि २ वर गेली. कोणता सिलिंडर उपाशी आहे हे पाहायची पद्धत जुनीच : शेवटच्या रेषेवर पूर्ण थ्रॉटलला इग्निशन बंद करायचे, गाडी तशीच घरंगळू द्यायची आणि आठही प्लग काढून रंग ताडून पाहायचे. इंजिन आयडलवर परत आणले तर प्लग खोटे बोलतात.

कास्ट मॅनिफोल्ड सुधारण्याचे वर्कशॉपमधले तंत्रही याच काळात पक्के झाले आणि आजही तेच चालते. पोर्ट जुळवण्याआधी मॅनिफोल्डची जागा डॉवेल पिनांनी पक्की करावी, कारण बोल्टच्या भोकांत ढिलाई असते आणि आज जुळवलेला पोर्ट उद्या पुन्हा बसवताना सरकतो. मग निळा रंग लावून गॅस्केटची रेघ आखायची आणि कार्बाइड बरने (फिरत्या कापणीच्या हत्याराने) त्या रेघेपर्यंत यायचे. मॅनिफोल्डचे तोंड हेडपेक्षा किंचित लहान राहिले तर चालते, उलट फिरणाऱ्या लहरीला ती पायरी अडवते. मोठे झाले तर हेडची कड प्रवाहात येते आणि तिथे नुकसान नक्की. रनरचे प्लेनममधले तोंड धारदार ठेवू नये. तिथे सहा मिलिमीटरच्या आसपासची गोलाई द्यावी. भिंत ८० ग्रिटवर थांबवावी. आरशासारख्या पॉलिशवर पेट्रोलचा पापुद्रा धरतो.

तळ उचलायला इपॉक्सी भरतात. ॲल्युमिनियम तेलमुक्त केले नाही, खरवडून आणि छोटी भोके पाडून पकड दिली नाही, तर इपॉक्सीचा तुकडा सुटून थेट व्हॉल्व्हखाली जातो. मिथेनॉल वापरणार असाल तर ते सोसणारेच इपॉक्सी घ्यावे.

सगळ्यात जास्त चुका मशिनिंगमध्ये होतात. कॉम्प्रेशन वाढवायला हेड घासले की ते खाली आणि आत सरकते, मॅनिफोल्ड उंच बसते आणि पोर्ट चुकतात. छोट्या शेवरलेसाठी रूढ गुणक असा : हेडवरून जेवढे काढले त्याच्या १.२३ पट मॅनिफोल्डच्या बाजूवरून आणि १.७१ पट खालच्या दोन टोकांवरून. हेड ०.०३० इंच घासले तर बाजू ०.०३७ आणि टोके ०.०५१ इंच. नंतर गॅस्केटशिवाय मॅनिफोल्ड ठेवून वरच्या आणि खालच्या कडेला फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून पाहावे, दोन्हीकडे फट सारखी हवी. खालची कड उघडी राहिली तर पोर्ट लिफ्टरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांच्या, खोलीतून तेल ओढतो : निळा धूर, तेलकट प्लग आणि पिस्टन रिंगवर नाहक संशय. टोकांवरचे कॉर्क गॅस्केट बहुतेक जण फेकूनच देतात आणि तिथे सिलिकॉनची जाड रेघ ओढतात.

१९८२ पासून एनएचआरए प्रो स्टॉकमध्ये ५०० घनइंचांची मर्यादा आली. आरपीएम वाढत गेले, रनर आखूड आणि जाड होत गेले, आणि कास्टिंगमध्ये हवा तो आकार मिळेना म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून वेल्ड केलेली मॅनिफोल्ड त्या वर्गात नेहमीची झाली. ८४,००० चे गणित १०,५०० आरपीएमला ८ इंच देते आणि त्यातले बरेचसे हेडच्या पोर्टमध्येच संपतात. पत्र्याच्या मॅनिफोल्डला तापमान आणि कंपनामुळे वेल्डपाशी तडे जातात, म्हणून दर शर्यतीनंतर दाब देऊन गळती तपासणे हा कामाचाच भाग आहे.

२०१६ साली एनएचआरएने प्रो स्टॉकमध्ये कार्ब्युरेटर बंद करून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणले, १०,५०० आरपीएमची मर्यादा घातली आणि बॉनेटवरचे उंच स्कूप (हवा घेणारी तोंडे) काढायला लावले. हवा वरून यायची ती समोरून येऊ लागली, प्लेनमचा आकार बदलला आणि वर्षानुवर्षे जुळवलेली मॅनिफोल्ड एका हंगामात कपाटात गेली. पेट्रोल आता प्रत्येक रनरमध्ये वेगळे फवारता येत असल्याने पातळ-दाटचा जुना झगडा बराच मिटला. लहरीची लांबी मात्र इंजेक्शन आल्यावरही आधी ठरवावी लागली, आणि तीही २०१६ च्या त्या १०,५०० च्या मर्यादेच्या आत.