रंगांध व्यक्तींसाठी डिजिटल प्रतिमांचे रूपांतर

लाल-हिरवा किंवा निळा-पिवळा हा भेद ज्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाही, त्यांच्यापर्यंत छायाचित्र, नकाशा वा आलेखातला अर्थ पोचावा म्हणून चित्राच्या रंगांत, उजळपणात किंवा मांडणीत केलेले फेरफार. कागदावर छापलेले चित्र सगळ्यांसाठी एकच राहते. पडद्यावरचे चित्र आकड्यांचे असते, त्यामुळे ते पाहणाऱ्यानुसार बदलता येते. मराठवाड्यात पीकसल्ला, पावसाचा इशारा, दुष्काळाचा नकाशा असे बरेच काही आता मोबाइलवर चित्ररूपाने येते आणि त्यातले पुष्कळसे लाल-हिरव्याच्या भरवशावर बोलते.

दृक्पटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, रंग ओळखणाऱ्या तीन जातींच्या शंकू पेशी असतात. लांब, मध्यम आणि आखूड तरंगलांबीच्या प्रकाशाला त्या अनुक्रमे अधिक प्रतिसाद देतात. यांतली एक जात नसली, किंवा तिचा प्रतिसाद सरकलेला असला, की रंगांधत्व येते. पहिली जात नसेल तर प्रोटॅनोपिया, दुसरी नसेल तर ड्यूटरॅनोपिया, तिसरी नसेल तर ट्रायटॅनोपिया. रंगांधाला जग काळेपांढरे दिसते असा समज आहे. तसे फार क्वचित घडते. ड्यूटरॅनोपियात लाल आणि हिरवा दोन्ही मातकट पिवळसर होतात, निळा मात्र स्पष्ट दिसतो. प्रोटॅनोपियात लाल शिवाय काळवंडतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात. लाल-हिरव्याचा दोष क्ष गुणसूत्रावरून येतो, म्हणजे बहुधा आजोळकडून: आईच्या वडिलांचा दोष आईत न दिसता नातवात उतरतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्याच रंगदोषावर निबंध वाचला होता. त्यांच्या जपून ठेवलेल्या डोळ्याच्या १९९५ मधील जनुकीय तपासणीत मध्यम तरंगलांबीची जात नसल्याचे आढळले.

चित्र बदलण्याच्या एका प्रसिद्ध पद्धतीला डाल्टन यांच्यावरूनच 'डाल्टनायझेशन' म्हणतात. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत साठवलेला असतो. आधी त्या आकड्यांवरून तिन्ही शंकू पेशींना किती प्रतिसाद मिळेल हे काढतात. मग नसलेल्या पेशीचा आकडा उरलेल्या दोघींवरून भरतात आणि पुन्हा लाल-हिरवा-निळ्यात उलटवतात. हाती येते ते रंगांध डोळ्याला दिसणारे चित्र. या टप्प्याची बहुवापरातली रीत ब्रेटेल, व्हिएनो आणि मोलन या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडली. मूळ चित्रातून हे चित्र वजा केले की जे हरवते ते नेमके कळते. हरवलेला तो भाग त्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांत, विशेषतः निळ्यात, मिसळला की लाल वस्तू जांभळट-गुलाबी होते आणि हिरव्यातून वेगळी निघते. अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये असलेली 'रंग सुधारणा' साधारण याच तत्त्वावर पडदा बदलते.

पण वेगळे दिसणे म्हणजे ओळखता येणे नव्हे, आणि हे कापसाच्या लाल्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. लाल्या ही कपाशीची विकृती. मॅग्नेशियम आणि नत्राची कमतरता हे तिचे एक प्रमुख कारण. पाने कडेकडून लाल होत जातात. पीकसल्ल्यात निरोगी पान शेजारी लाल पान असे दोन फोटो येतात. रंगांध शेतकऱ्याला दोन्ही पाने सारखीच दिसतात. डाल्टनायझेशन केले की फोटोतला फरक दिसू लागतो, पण शेतातल्या पऱ्हाटीवर कोणी निळा रंग चढवत नाही. फोटोत गुलाबी दिसलेले पान त्याला बांधावर सापडणार नाही. अशा ठिकाणी रंग हलवण्यापेक्षा रंगाशिवायची खूण दाखवणारा फोटो जास्त कामाचा. लाल्याची सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून होते, पाने लवकर वाळून गळतात. तेव्हा एकट्या पानाऐवजी अख्खे झाड दाखवावे आणि खालच्या फांद्यांकडे बाण करावा. तुडतुडे या रस शोषणाऱ्या किडीमुळेही पाने लालसर होतात, पण पानांच्या कडा आकसतात आणि पान उलटले की मागे तिरपे चालणारे किडे दिसतात. लाल्याला अन्नद्रव्याची फवारणी हवी, तुडतुड्यांवर कीटकनाशकाची. म्हणून पानाच्या मागच्या बाजूचा फोटो हवाच. सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅक रोगाचे तितके अवघड नाही, कारण पिवळे चट्टे हिरव्यापेक्षा उजळ असतात आणि उजळ-गडद हा भेद बहुतेक रंगांधांना चांगला कळतो.

नकाशांची गोष्ट वेगळी. नकाशातला रंग माणसानेच दिलेला असतो, तो बदलला म्हणून काही खोटे होत नाही. भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार इशारा हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल या चार रंगांत असतो. लाल-हिरवा भेद नसणाऱ्या डोळ्याला पोपटी हिरवा आणि पिवळा जवळ येतात, गडद हिरवा आणि नारिंगी यांची गल्लत होते. म्हणजे 'काही नाही' (हिरवा) आणि 'तयारीत राहा' (नारिंगी) यांतली सीमाच पुसली जाते. गारपिटीच्या दिवसांत बीड किंवा हिंगोलीच्या शेतकऱ्यासाठी हा बारीकसा तपशील नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक जिल्ह्यावर इशाऱ्याचे नाव लिहावे आणि वरच्या पायऱ्यांना तिरप्या रेघा किंवा ठिपके द्यावेत. अक्षरे मोठी हवीत. कारण व्हॉट्सॲपवर फिरता फिरता चित्र दाबले जाते आणि चित्र लहान करून साठवण्याच्या जेपेग पद्धतीत रंगाचा तपशील उजळपणाच्या तपशिलाआधी पातळ होतो.

उपग्रहावरून काढलेले पिकांच्या हिरवेपणाचे नकाशे बहुधा लाल ते हिरवा अशा पट्टीत रंगवतात. दुष्काळात त्यांचा आधार घेतला जातो, आणि नेमकी तीच पट्टी रंगांधाला मुकी. त्याऐवजी गडद जांभळ्या-निळ्यापासून उजळ पिवळ्यापर्यंत जाणारी पट्टी वापरावी. मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या साधनात २०१५ मध्ये आलेली 'व्हिरिडिस' अशीच आहे. तिच्यात उजळपणा एका दिशेने वाढत जातो. वेगवेगळ्या गटांसाठी सुटे रंग हवे असतील, तर मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी सुचवलेले आठ रंग जगभर वापरले जातात.

तपासणीसाठी खास सॉफ्टवेअर नसले तरी अडत नाही. नकाशाची काळीपांढरी झेरॉक्स काढावी. झेरॉक्सवर वाचता आला तर तो रंगांधालाही वाचता येईल. एकट्या प्रोटॅनोपियासाठी लाल भाग आणखी गडद होईल हे ध्यानात ठेवावे. झेरॉक्सवर न वाचता येणारा प्रत्येक नकाशा टाकाऊच असतो असे मात्र नाही, कारण निळा-पिवळा भेद झेरॉक्सवर हरवतो पण बहुतेक रंगांधांना दिसतो. संकेतस्थळांच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत माहिती केवळ रंगातून देऊ नये असा स्वतंत्र नियम आहे आणि साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक मागितला आहे.

दुसरी खूण देण्याचे उत्तम उदाहरण किराणा दुकानातच सापडते. शाकाहारी पदार्थावर हिरवे वर्तुळ आणि मांसाहारी पदार्थावर तपकिरी वर्तुळ असे. हिरवा-तपकिरी ही जोडी लाल-हिरव्याच्या रंगांधाला फार अवघड. २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहारी खुणेचा त्रिकोण केला गेला. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग असतो, पण सोबत शब्दही असतो आणि सर्वांत जहाल औषधावर कवटीचे चिन्ह. डब्याचा फोटो काढून पाठवताना तो भाग मोठा करून पाठवावा, नाहीतर उरतो तो फक्त रंग.

काही चित्रांना मात्र हात लावू नये. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला गेरू आणि हिरवी माती यांचे रंग बदलले तर चित्रच बदलते. मूळ प्रतिमा तशीच ठेवून बदललेली प्रत वेगळी द्यावी. पैठणीच्या विक्रीतही तसेच. धूपछाँव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. फोटोखाली 'ताणा डाळिंबी, बाणा मोरपंखी' एवढे लिहिले की बहिणीसाठी साडी निवडणाऱ्या रंगांध भावाला दुकानदाराला पुन्हा फोन करावा लागत नाही.