होडी मासा उलटवत नाही

साळावच्या पुलाच्या आत, कुंडलिकेच्या खाडीत, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांतली सकाळ होती. सुकती, म्हणजे ओहोटी, लागून अर्धा तास झाला होता. तिवरांच्या मुळांमधून पाणी ओघळत बाहेर येत होतं आणि त्याच्याबरोबर कोलंबी आणि बारीक मासळीही. अशा जागी जिताडा टपून बसतो. मी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची माझी एकट्याची अरुंद होडी, काठापासून दहा-बारा मीटरवर ठेवली होती. गरी पाण्यात पडली, दोनदा हलवली आणि ‘बुक्’ असा आवाज आला.

हा आवाज ज्याने एकदा ऐकला, तो विसरत नाही. जिताडा भक्ष्याला चावत नाही, ओढून घेतो. तोंड आणि कल्ल्यांची झाकणं इतक्या झटक्यात फाकवतो की तोंडातली जागा एकदम वाढते, आतला दाब पडतो आणि समोरचं पाणी भक्ष्यासकट आत जातं. हे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ घडलं की थोडी हवाही आत ओढली जाते. ‘बुक्’ तिचाच.

पुढच्या क्षणी रीळ करकरलं, कयाकची नाळ, म्हणजे पुढचं टोक, गर्रकन वळली आणि मी बसल्या जागी खाडीच्या मध्याकडे ओढला जाऊ लागलो.

एवढ्याशा होडीतून मोठा मासा धरायचा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिली भीती येते ती हीच, की मासा होडी उलटवेल. निवाऱ्याच्या पाण्यात, म्हणजे जिथे वाऱ्याला लाटा उठवायला लांबरुंद मोकळा पट्टा मिळत नाही अशा खाडीत, हे सहसा होत नाही. होडी उलटते ती दुसऱ्याच कारणाने. पण आधी ओढण्याचं बघू.

पाण्यात माशाचं वजन जवळजवळ शून्य असतं. स्नायू आणि हाडं पाण्यापेक्षा थोडी जड, पण पोटातली हवेची पिशवी, कोळी जिला बोत म्हणतात ती, हिशेब बरोबर करते. म्हणून बारा किलोचा जिताडा पाण्यात बारा किलोंनी ओढत नाही. तो ओढतो शेपटीच्या जोराने. तो जोर तंगुसापर्यंत, म्हणजे गरीच्या दोरीपर्यंत, किती पोचू द्यायचा, हे रिळावरचा ड्रॅग ठरवतो. दोरीची ताकद दहा-बारा किलोंची असेल तर ड्रॅग साधारण तीन किलोंवर ठेवतात, त्यापेक्षा जास्त ओढ आली की रीळ दोरी सोडू लागतं.

आता मी आणि कयाक मिळून वजन धरा एकशे दहा किलो. तीन किलोंच्या ओढीने एवढं ओझं पहिल्या सेकंदात ताशी एक किलोमीटर इतकाच वेग घेतं. पुढे वेग वाढतो तसा पाण्याचा विरोध त्याच्या वर्गाने वाढतो, आणि माणूस चालतो तेवढ्यावर येऊन वेग स्थिरावतो. काठावर उभ्या माणसाच्या हातात ही सोय नाही. त्याचे पाय जमिनीत रोवलेले असतात, माशाचा प्रत्येक हिसका दोरी आणि रॉडवरच येतो. कयाकमध्ये होडी स्वतःच सरकते आणि हिसका पिऊन टाकते. रिळाचा एक ड्रॅग आणि खाली होडीचा दुसरा. म्हणून कयाकमधून बारीक दोरीवरही मोठा मासा टिकतो.

याची किंमत खाडीत मोजावी लागते. मासा मोकळ्या पाण्याकडे पळाला तर ठीक, तिवरांकडे वळला तर तो होडीलाही तिकडेच नेतो. मुळांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी. ताणलेली दोरी तिच्यावर एकदा घासली की संपलं. अशा वेळी होडी माशाला आडवी करावी. नाळेच्या दिशेने कयाक पाणी कापत जाते, आडवी झाली की तीच होडी पाण्यात फळीसारखी उभी राहते आणि विरोध कितीतरी पटींनी वाढतो. एका हाताने वल्हं मागे मारता आलं तर आणखी बरं. ही आडवी होडी फक्त पहिल्या काही सेकंदांपुरती, कारण तोल सांभाळायच्या दृष्टीने हीच सगळ्यात वाईट स्थिती.

सुदैवाने जिताड्याची पहिली धावच सगळ्यात जोरदार असते. त्याचं अंग बहुतेक पांढऱ्या स्नायूंचं बनलेलं असतं. दूरवर सतत पोहणाऱ्या बांगड्या-कुपासारखे तांबडे स्नायू त्याच्यात थोडेच. पांढरे स्नायू साठवलेल्या साखरेवर, ऑक्सिजनची वाट न बघता, झटक्यात ताकद देतात. टपून बसायचं आणि एकदाच झेपावायचं, अशा जगण्याला हे पुरतं. पण साठा लवकर आटतो आणि स्नायूंत लॅक्टेट साचतं. ते निस्तरायला माशाला मिनिटं नाही, तास लागतात. म्हणून दुसरी धाव पहिलीच्या निम्मी, तिसरी त्याहून छोटी. मधेच तो उडी मारतो. हवेत डोकं झटकताना पाण्याचा अडसर नसतो, त्यामुळे तिथे झटका भलताच जोरदार बसतो. त्या क्षणी रॉडचं टोक माशाकडे झुकवून दोरीला किंचित ढील द्यायची असते.

आता उलटण्याचं.

होडीला सरळ ठेवतं ते तिचं पाण्यावरचं पसरलेपण. होडी कलली की कललेल्या बाजूचं अंग जास्त बुडतं, तिथला पाण्याचा रेटा वाढतो आणि होडीला परत सरळ ढकलतो. हा आधार रुंदीच्या घनाने वाढतो. रुंदी दुप्पट केली तर आठपट. कोकणातल्या उलांडीच्या होडीमागे हेच आहे. अरुंद होडीच्या बाजूला हात-दोन हातांवर एक लाकूड बांधलं की होडी जड होत नाही, पण पाण्यावरचा तिचा पसारा एकदम वाढतो. आपल्या किनाऱ्यावरच्या सुतारांनी हे गणित कागदावर मांडलं नव्हतं, लाकडात मांडलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं.

कयाकला उलांडी नसते. पाऊण मीटर रुंदी, तेवढंच भांडवल. लांबी मात्र साडेतीन मीटरच्या थोडी वर, रुंदीच्या जवळजवळ पाचपट. म्हणून लांबीच्या दिशेने होडी कलवणं हे आडवी कलवण्यापेक्षा वीस पटींहून जास्त कठीण आहे. यातून एक सरळ नियम निघतो: मासा नाळेच्या बाजूला ठेवा. रॉडचं टोक पुढे, दोरी नाळेवरून, म्हणजे माशाची सगळी ओढ होडीच्या बळकट दिशेला जाते. मासा बाजूला आला की रॉड त्याच्याबरोबर फिरवत बसू नका, वल्ह्याने होडी फिरवा.

मासा जवळ आला. आता तो दमलेला, पांढऱ्या पोटाचा, होडीच्या कडेला. इथेच होड्या उलटतात.

हिशेब करून बघा. बारा किलोचा मासा होडीच्या मध्यरेषेपासून अर्ध्या मीटरवर पाण्याबाहेर उचलला, तर कलवणारा जोर झाला बारा गुणिले अर्धा, म्हणजे सहा. आता माणूस. सत्तर किलोच्या माणसाचं कमरेच्या वरचं अंग, डोकं, हात, खांदे मिळून साधारण पंचेचाळीस किलो भरतं. मासा बघायला, गरी काढायला, जाळी खाली घालायला तो वाकला आणि हे अंग वीस सेंटिमीटर बाहेर गेलं, की जोर झाला नऊ. माशापेक्षा दीडपट, आणि तोही मासा अजून पाण्यातच असताना! दोन्ही एकत्र झाले की पंधरा. यात आणखी एक गोष्ट मिसळते. माणूस वाकताना थोडा उठतो, गुडघ्यांवर येतो. वजनाचा मध्य वर सरकला की होडीचा सरळ होण्याचा जोरच कमी होतो.

म्हणजे उलटवतं ते आपलं डोकं. डोकं होडीच्या कडेच्या आत राहिलं तर पाठीचा कणा आत राहतो, आणि कणा आत राहिला तर होडी राहते. मी हे वाचून शिकलो नाही, पाण्यात पडून शिकलो. मासा तेव्हा तीन किलोंचाही नव्हता.

ग्रीनलंड आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट लोकांनी, ज्यांच्या भाषेतून ‘कयाक’ हा शब्द आला, हा प्रश्न फार पूर्वी वेगळ्या पद्धतीने सोडवला होता. ते कयाकमधून सील मारत. भाल्याची दोरी ते होडीला बांधत नसत. तिचं दुसरं टोक सीलच्या अखंड कातड्यात हवा भरून केलेल्या फुग्याला असे. भाला लागला की फुगा पाण्यात टाकायचा. सील बुडी मारायचा, फुगा त्याला वर ओढायचा, दमवायचा, आणि शिकारी आपल्या अरुंद होडीत तोल धरून शांतपणे मागे जायचा. आजही दोरी कमरेला किंवा हाताला गुंडाळून कयाकमध्ये बसू नये. अंगात लाइफ जॅकेट आणि हाताशी सुरी हवीच.

मग बाजूला आलेला मासा घ्यायचा कसा? उलट्या बाजूचा पाय होडीबाहेर पाण्यात सोडावा, तो छोट्या उलांडीसारखं काम करतो. दांड्याची जाळी पाण्यात आधीच बुडवून ठेवावी आणि मासा डोक्याच्या बाजूने तिच्यात ओढून घ्यावा, जाळी माशाच्या मागे धावू नये. रॉड अगदी उभा धरायचा नाही. तसं केलं की वाक सगळा टोकाशी जमा होतो आणि तिथेच रॉड मोडतो. निदान रॉडएवढी दोरी बाहेर असावी. आणि मासा जाळीत आला की लगेच उचलायची घाई करू नये. पाण्यात असेपर्यंत त्याचं वजन पाणी उचलतंय. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार असते की उघडा हात घातला तर कापतो, म्हणून हातमोजा घालून खालचा जबडा धरावा.

त्या सकाळी जाळीत आलेला मासा मी पट्टीवर मोजला: एकशे दोन सेंटिमीटर. इथे मला थांबावंसं वाटतं.

जिताडा जन्मतो नर म्हणून. काही वर्षं नर म्हणूनच अंडी फळवतो आणि मग, साधारण सहा ते आठ वर्षांचा झाल्यावर, मादी होतो. बहुतेकांची लांबी तेव्हा ऐंशी सेंटिमीटर ते एक मीटरच्या दरम्यान असते. म्हणजे मीटरभराचा जिताडा म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी, आणि ती एका हंगामात लाखांनी नाही, दशलक्षांनी अंडी देऊ शकते. ती अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, खारट पाण्यात जाते. पिल्लं मग भरतीबरोबर आत येतात. खारेपाटातल्या तळ्यांत पेण-अलिबागकडची माणसं जी जिताड्याची पिल्लं सोडून वाढवत आली, ती याच वाटेने आलेली. ऑस्ट्रेलियात हाच मासा बॅरामुंडी. क्वीन्सलंडमध्ये अठ्ठावन्न सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा, दोन्ही ठेवायला मनाई आहे. वरची मर्यादा ही मोठ्या माद्यांसाठी. आपल्याकडे मीटरभराचा जिताडा म्हणजे मानाचा मासा, त्याचं कालवण मला प्राणप्रिय आहे. तरीही मोठी मादी परत सोडावी असं मला मनापासून वाटतं. सत्तर सेंटिमीटरचा घरी न्यावा.

सोडायचा तर नीट सोडायला हवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: ३० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच गरम समुद्राच्या पाण्यात सहाच्या थोडा वर. आणि पाणी गरम तशी माशाची गरज वाढते. दमलेल्या माशाला म्हणून हवेत कमीत कमी वेळ. बाहेर त्याच्या कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास बंद पडतो. जबड्याने उभा टांगू नये, आयुष्यभर ज्याचं वजन पाण्याने पेललं त्याचा कणा त्यासाठी घडलेला नाही. आडवा धरावा, पोटाखाली हात.

मी तिला होडीत घेतलंच नाही. मोजणंही कडेला, जाळीत, पाण्यातच. गरी काढली आणि तोंड सुकतीच्या प्रवाहाकडे करून धरून ठेवली, म्हणजे पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर. मागे-पुढे हलवली नाही, तसं केलं की पाणी उलटं वाहतं. आधी झाकणं नुसती थरथरत होती. मग एक लय लागली. दोनेक मिनिटांनी माझ्या मोज्यातला जबडा घट्ट मिटला, शेपूट एकदा डावीकडे आली, आणि हातात फक्त पाणी राहिलं.