सगळे फ्रँकिश मठ पहिल्यापासून बेनेडिक्टाइन? नाही हो

बऱ्याच जणांना वाटतं की संत बेनेडिक्टने इटलीत ६व्या शतकात मठात कसं राहायचं याची नियमावली लिहिली आणि लगेच फ्रँक लोकांच्या राज्यातले (म्हणजे साधारण आजचा फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी) सगळे मठ बेनेडिक्टाइन झाले, म्हणजे तीच नियमावली पाळू लागले. तसं काही झालं नाही. बेनेडिक्ट वारला ५४७च्या आसपास, आणि पुढची दोनशे-अडीचशे वर्षं तिकडे सगळा मिक्स कारभार होता, म्हणजे ५९०च्या सुमारास आयर्लंडहून आलेल्या कोलंबानसने लक्सई मठ काढला तिथे त्याची स्वतःची कडक शिस्त, मग ७व्या शतकात काही मठांनी त्याचे नि बेनेडिक्टचे नियम एकत्र करून चालवले, आणि नक्की काय पाळायचं ते बहुतेक वेळा तिथला मठाधिपतीच ठरवायचा.

एकच नियम सगळ्यांना, हे खरं तर राजदरबारातून आलं. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याचा मुलगा आणि वारस लुई याने ८१६-८१७ मध्ये आखेनला (आजच्या जर्मनीत) सभा भरवल्या, त्यामागे डोकं होतं आनियानच्या बेनेडिक्टचं (हा दुसरा बेनेडिक्ट, गोंधळ होतो तो इथेच!). सगळ्यांनी पहिल्या बेनेडिक्टचीच नियमावली पाळायची असा हुकूम निघाला, तरी सगळीकडे लगेच पाळला गेला असंही नाही.

आणि मठाधिपती म्हणजे संन्यासीच, हेही डोक्यातून काढा. शार्लमेनचं चरित्र लिहिणारा आइनहार्ड चांगला लग्न झालेला माणूस, बायकोचं नाव एम्मा, तरी त्याच्याकडे अनेक मठ होते कारण राजा मठ बक्षीस म्हणून द्यायचा, जमिनी आणि उत्पन्नासकट.