चेंडू हातात थांबतो तो कोपरामुळे

३० जून २००२, योकोहामा. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ६७व्या मिनिटाला ब्राझीलच्या रिव्हाल्डोचा फटका जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान याच्या अंगावरच आला. पण चेंडू हातांत थांबला नाही. तो पुढे उसळला आणि धावत आलेल्या रोनाल्डोने जाळ्यात ढकलला. अंतिम सामन्यापर्यंत कानने स्पर्धेत एकच गोल खाल्ला होता आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. इतक्या तयारीच्या हातांतूनही चेंडू सुटतो, मग बारा-तेरा वर्षांच्या गोलकीपरला नुसतं ‘नीट पकड’ म्हणून काय उपयोग?

झेल घेताना हात मागे न्यावेत, हे क्रिकेटमुळे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. फुटबॉलमध्येही तत्त्व तेच, पण पकड निराळी. क्रिकेटचा चेंडू मुठीत मावतो. फुटबॉलचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर असतो, त्याच्याभोवती बोटं मिटत नाहीत. तो थांबवायला हात त्याच्या पाठीमागे असावे लागतात, आणि थांबल्यावर धरून ठेवायला बोटांचं घर्षण लागतं.

आता आकडे पाहू. चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने येणाऱ्या चेंडूत साधारण १३५ जूल ऊर्जा असते. तो ५ सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर हातांवर सरासरी २,७०० न्यूटन बल येतं. ३० सेंटिमीटरमध्ये थांबवला तर ४५० न्यूटन. हिशेब ढोबळ आहे, कारण चेंडूही थोडा दबतो. पण सहापटीचा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. ताठ हातांवरून चेंडू उसळतो तो यामुळेच.

याहून महत्त्वाचा आकडा वेळेचा आहे. ३० सेंटिमीटरमध्ये चेंडू थांबायला फक्त ०.०२४ सेकंद लागतात. तळहाताला स्पर्श कळून मेंदूने हाताची पकड बदलायची, तर याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे चेंडू लागल्यावर हात सुधारता येत नाही. कोपर किती वाकलेलं, मनगट किती घट्ट, बोटं कुठे, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. सराव करायचा तो या आधीच्या अर्ध्या सेकंदाचा.

त्याची सुरुवात पायांपासून होते. प्रतिस्पर्धी चेंडूला लाथ मारतो त्या क्षणी गोलकीपरचे दोन्ही पाय जमिनीवर हवेत: खांद्याएवढं अंतर, वजन चवड्यांवर, हात कमरेच्या उंचीवर शरीरापुढे. त्या क्षणी तो चालत असेल, तर हात तोल सावरण्यात गुंततात आणि चेंडूपर्यंत उशिरा पोहोचतात. झेल सुटला की आपण हातांना दोष देतो, पण बऱ्याचदा चूक पायांची असते.

छातीच्या वरच्या चेंडूसाठी दोन्ही अंगठे एकमेकांपासून २-३ सेंटिमीटरवर, तर्जन्या वर आणि थोड्या बाहेर, बाकीची बोटं पसरलेली. अंगठे लांब राहिले तर चेंडू मधून निसटतो. बोटांची टोकं चेंडूकडे रोखली तर बोट दुखावतं. मनगट आणि बोटं घट्ट, कोपर आणि खांदा मऊ, ही वाटणी नीट समजून घ्यावी. ‘हात सैल सोड’ ही सूचना अर्धवट आहे. मुलं मनगटही सैल सोडतात आणि जोरदार चेंडू हात मागे ढकलून आत जातो. हात चेंडूला पुढे जाऊन भेटावेत, पण कोपर पूर्ण सरळ करू नये, नाहीतर मागे यायला वाव उरत नाही.

कमरेखालच्या चेंडूला हात उलटे: बोटं जमिनीकडे, करंगळ्या जवळ, कोपरं आत, आणि चेंडू हातांवरून छातीशी. कोपरं फाकली की मधल्या फटीतून चेंडू पायांत जातो. बाजूला झेप घेऊन पकडताना खालचा हात चेंडूच्या मागे, वरचा हात चेंडूवर आणि तिसरा आधार जमिनीचा. हात आणि जमीन यांच्यामध्ये धरलेला चेंडू नियमानुसार गोलकीपरच्या ताब्यातच असतो, प्रतिस्पर्ध्याला त्याला लाथ मारता येत नाही.

सरावाची पहिली पायरी गुडघ्यांवर. पाय बाजूला काढले की हातांचं काम उघडं पडतं. ३-४ मीटरवरून हाताने फेकलेले ८ चेंडू, मग मिनिटभर विश्रांती. विश्रांती गाळू नये, कारण दमलेले खांदे ताठरतात आणि ताठ झेलाचीच सवय लागते. इथे कान द्यावा: ‘फट्ट’ असा मोठा आवाज आला तर चेंडू फार कमी अंतरात थांबला आहे. दबका आवाज चांगला.

मग उभं राहून, ६-८ मीटरवरून हातातून सोडून मारलेले चेंडू. आधी एकाच उंचीचे, पण लवकरच उंची आणि दिशा सांगितल्याशिवाय बदलावी. अशा मिसळीच्या सरावात त्या दिवशी जास्त चेंडू सुटतात, म्हणून अनेक प्रशिक्षक तो टाळतात. पण हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली आहे: असं शिकलेलं कौशल्य पुढे जास्त टिकतं. शेवटी चेंडू सुटताना समोरून एखादा खेळाडू आडवा पळवावा, म्हणजे चेंडू उशिरा दिसण्याचीही सवय होते.

नोंद ठेवताना फक्त अडवलेले चेंडू मोजू नयेत. पकडलेले, बाजूला ढकललेले आणि पुढे सांडलेले असे तीन रकाने करावेत. तिसरा रकाना आधी कमी करायचा. फिरकी जवळजवळ नसलेला चेंडू हवेत डगमगत येतो. तो शक्यतो शरीर चेंडूच्या मागे आणून छातीशी घ्यावा. पकडता येणार नाही असं वाटलं, तर अर्धवट पकडू नये, बाजूला लांब ढकलावा.

हातमोज्यांची पकड तळव्यावरच्या लेटेक्स फोमची असते. तो कोरडा पडला की निसरडा होतो, म्हणून खेळण्याआधी किंचित ओलसर करावा. नवा जोड एकदा कोमट पाण्याने धुऊन घ्यावा. मातीच्या मैदानावर उठताना तळवे टेकण्याची सवय मोडावी, मुठी टेकाव्यात. धुतल्यावर मोजे पिळू नयेत आणि उन्हातही टाकू नयेत, फोमला भेगा पडतात; टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावं आणि सावलीत वाळवावेत.