इमो, हिप्पी, सुधारक: शिक्क्यांचा इतिहास आणि ‘पर्सेपोलिस’

संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर काळे टी-शर्ट घातलेली मुलंमुली दिसली की पुण्यात त्यांना नाव द्यायला कुणालाच वेळ लागत नाही. छातीवर हेवी मेटल बँडचं नाव असेल तर मेटलवाला, डोळ्यांत जाड काजळ आणि कपाळावर केस असतील तर इमो, बॅगेला ॲनिमेचे म्हणजे जपानी कार्टूनपटांचे बॅज असतील तर वीब. घरातल्या मोठ्यांच्या लेखी हे सगळे मिळून हिप्पी. मुलंही यात मागे नाहीत. ‘तू कसला मेटलहेड, तुला चार गाणी तरी माहीत आहेत का’ असं एकमेकांना सुनावणं कॉलेजच्या कट्ट्यावर रोज चालतं. माझ्या नात्यातली एक मुलगी आपण काय ऐकतो ते हल्ली कुणाला सांगतच नाही, कारण एका लग्नात ‘हिचं काय ते इमो-बिमो झालंय’ एवढ्या वाक्यावर तिचा विषय संपवण्यात आला होता. तिचा वैताग मला पूर्ण पटतो. म्हणूनच हे शब्द आले कुठून आणि त्यांनी आजवर काय केलं, हे नीट सांगावंसं वाटतं.

यातले बरेच शब्द वर्तमानपत्रांनी घडवले किंवा गावभर केले. सॅन फ्रान्सिस्कोचे स्तंभलेखक हर्ब केन यांनी २ एप्रिल १९५८ च्या सदरात ‘बीटनिक’ हा शब्द वापरला. स्पुटनिक हा रशियाचा उपग्रह आकाशात जाऊन तेव्हा सहाच महिने झाले होते, शब्दातलं ‘निक’ तिथलंच. ‘बीट’ पिढीच्या ज्या बंडखोर कवी-लेखकांना तो चिकटला त्यांना तो अजिबात आवडला नाही. त्यांच्यातलेच कवी ॲलन गिन्सबर्ग यांनी त्याच्याविरुद्ध लिहिलंही. ‘हिप्पी’चं तेच झालं. १९६७ च्या उन्हाळ्यात पत्रकार आणि पर्यटक सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात हिप्पी बघायला लोटले, तेव्हा तिथल्याच तरुणांनी ६ ऑक्टोबरला ‘हिप्पी’ची प्रेतयात्रा काढली. खांद्यावर शवपेटी होती, आणि मृत हिप्पी हा प्रसारमाध्यमांचा लाडका पुत्र असल्याचं त्यांनी जाहीर केलं. आपल्यावर मारलेला शिक्का त्यांनी स्वतःच पुरला.

पुण्याने यापूर्वी एक प्रेतयात्रा पाहिली होती, पण ती उलट्या बाजूने निघालेली. ‘केसरी’तून बाहेर पडल्यावर गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये नवं पत्र काढलं आणि त्याला नाव दिलं ‘सुधारक’. सनातन्यांच्या तोंडी तो शब्द हिणवण्याचा होता. आगरकरांनी तो मथळ्यावर छापला. त्यांचं लिखाण मोठ्या तत्त्वांपुरतं नव्हतं, ते अंगावरच्या कपड्यांपर्यंत जायचं. ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’ हा त्यांचा निबंध आज वाचला तर एका जाकिटापायी केवढा गहजब होऊ शकत होता याची कल्पना येते. याच शहरात ते जिवंत असताना विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. कोण काय पितो, काय नेसतो, डोक्यावर काय घालतो यावरून माणूस कुठल्या गटातला ते ठरवण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाला आणि भगवे झगे घातलेले परदेशी लोक शहरात दिसू लागले, तेव्हाही तीच सवय उपयोगाला आली. त्यांत डॉक्टर होते, मानसोपचारतज्ज्ञ होते. पुणेकरांच्या बोलण्यात ते सरसकट हिप्पी.

शिक्का मारला म्हणून माणूस बदलतो का? स्टॅन्ली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने याचा कसून अभ्यास केला. १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावात तरुणांची थोडी मारामारी, थोडी मोडतोड झाली. वर्तमानपत्रांनी ती दंगल म्हणून रंगवली आणि ‘मॉड’ (फॅशनेबल कपडे, स्कूटर) विरुद्ध ‘रॉकर’ (चामडी जाकिटं, मोटारसायकल) असा सामना लावून दिला. कोहेन यांनी १९७२ च्या पुस्तकात दाखवलं की आधी सैलसर असलेली ही विभागणी या गाजावाजानंतर घट्ट झाली. पोलीस अधिक कडक झाले आणि मुलंही बातमीत लिहिल्यासारखीच वागू लागली.

याचं टोक फार वाईट आहे. ऑगस्ट २००७ मध्ये लँकशरमधल्या बेकप गावी सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी मित्राबरोबर बागेतून जात होती. दोघांचे कपडे गॉथ धाटणीचे, म्हणजे काळे आणि गूढ वाटणारे होते, एवढ्यावरून मुलांच्या टोळक्याने त्यांना मारलं. सोफी त्यात गेली. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टर पोलीस अशा उपसंस्कृतींतल्या लोकांवरचे हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवू लागले. इराकमध्ये २०१२ च्या फेब्रुवारीत गृहखात्याने ‘इमो’ म्हणजे सैतानपूजा असं निवेदन काढलं, आणि त्यानंतर बगदादमध्ये तशा दिसणाऱ्या तरुणांचे खून झाल्याच्या बातम्या आल्या. ‘इमो’ हे मुळात १९८० च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या काही पंक बँडना, म्हणजे बंडखोर रॉक वाजवणाऱ्यांना, लावलेलं नाव. तेव्हाच्या त्या वादकांनाही ते नको होतं.

हे सगळं एका पुस्तकात, एका मुलीच्या आयुष्यात बघायचं असेल तर मार्जान सत्रापी यांची ‘पर्सेपोलिस’ ही चित्रकादंबरी वाचा. ती मूळ फ्रेंचमध्ये २००० ते २००३ दरम्यान चार भागांत आली. सत्रापींचा जन्म १९६९ चा, वाढल्या तेहरानमध्ये. त्या नऊ वर्षांच्या असताना इराणमध्ये इस्लामी क्रांती झाली, वर्षभरात शाळेत डोक्यावर रुमाल सक्तीचा झाला. चित्रं निव्वळ काळी-पांढरी आहेत, मधली छटाच नाही. सुरुवातीला ती अगदी साधी वाटतात. पुढे बॉम्बहल्ल्यांची आणि तुरुंगाची पानं येतात तेव्हा हाच साधेपणा अंगावर येतो.

माझ्या दृष्टीने पुस्तकाचा गाभा एका जाकिटात आहे. आईवडील तुर्कस्तानातून लपवून मार्जीसाठी, म्हणजे पुस्तकातल्या छोट्या सत्रापीसाठी, आयर्न मेडन हा मेटल बँड आणि गायिका किम वाइल्ड यांची पोस्टरं आणतात, सोबत डेनिमचं जाकीट आणि नाइकेचे बूट. पोस्टरं वडिलांच्या कोटाच्या अस्तरात शिवलेली असतात. ती ऐटीत बाहेर पडते, चोरून विकल्या जाणाऱ्या कॅसेट घेते, आणि क्रांतीच्या रक्षक बायका तिला अडवतात. त्यांच्या मते बूट पंक आहेत, बॅजवरचा मायकल जॅक्सन म्हणजे पाश्चात्त्य अधःपतन. बॅज माल्कम एक्स या अमेरिकी कृष्णवर्णीय मुस्लिम नेत्याचा आहे असं ती सांगून पाहते. शेवटी रडून, सावत्र आईची खोटी कहाणी रचून ती सुटते.

इराण-इराक युद्ध चालू असताना, १९८४ मध्ये चौदाव्या वर्षी तिला व्हिएन्नाला पाठवतात. तिथे तिची मैत्री खऱ्याखुऱ्या पंक मुलांशी होते. त्यांना तिच्यात रस वाटतो, कारण तिने युद्ध पाहिलं आहे, मरण पाहिलं आहे. म्हणजे तिथेही ती आधी ‘युद्धातून आलेली मुलगी’ आणि मग मार्जी. एकदा ती स्वतःला फ्रेंच म्हणवून घेते, आणि नंतर त्यावरून चाललेली कुजबुज कानावर आल्यावर ओरडून सांगते की मी इराणी आहे. ते पान मी दरवेळी थांबून वाचतो. पुढे रस्त्यावर झोपण्याची वेळ येते, आजारपण येतं आणि ती तेहरानला परतते. तिथे ती पाश्चात्त्य ठरते.

अनूश काकाचा भाग मात्र मन घट्ट करून वाचावा लागतो. क्रांतीपूर्वी शहाच्या, म्हणजे इराणच्या राजाच्या, काळात नऊ वर्षं तुरुंगात काढलेला, पावाच्या गराचे हंस करून पुतणीला देणारा हा माणूस. नव्या राजवटीत तो पुन्हा पकडला जातो. भेटीला एकाच व्यक्तीची परवानगी असते आणि तो मार्जीला बोलावतो. मग वर्तमानपत्रात मथळा येतो: रशियन हेराला देहदंड. वाचकाला तोवर अनूश नीट ओळखीचा झालेला असतो, म्हणून तो मथळा सहन होत नाही.

२०१३ मध्ये शिकागोतल्या सरकारी शाळांच्या वर्गांतून हे पुस्तक काढायचा आदेश निघाला होता, कारण दिलं होतं छळाच्या चित्रांचं. मुलांनी निदर्शनं केली. छळाची चित्रं आहेत हे खरं आहे, त्यामुळे आठवी-नववीच्या मुलांना पुस्तक देताना आधी स्वतः वाचून मगच द्यावं. इंग्रजीत चारही भाग एकत्र मिळतात. पहिला अर्धा भाग एका बैठकीत होतो, व्हिएन्नाच्या भागाला जरा वेळ द्यावा. २००७ चा ॲनिमेशनपटही सुंदर आहे, पण तो नंतर पाहा. अनूशचे हंस आधी पानावर बघायला हवेत.